जमादाराच्या दारासमोरचे विमान

मित्रांनो, मी एक जुने लाकडी विमान आहे. वीतभर लांबीचा माझा जीव. हवेत मी एकदाही उडालो नाही. खेळण्यांच्या तोंडून गोड गोष्टी ऐकायची तुम्हाला सवय असेल, म्हणून आधीच सांगतो, माझ्याजवळ गोड असे फार थोडे आहे. मला एका बाईने रागाने घडवले. तो राग भडकून विझणारा नव्हता. तो रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसून काम करणारा, काचपेपरने घासून घासून कडा काढणारा राग होता. तो माझ्या लाकडात मुरला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म विलायतेतला. जन्म म्हणजे काय, तर एका पुठ्ठ्याच्या पेटीत भरलेले पिवळसर, मऊ लाकडाचे चार तुकडे. त्यातला एक अंगासाठी, दोन पंखांसाठी, एक शेपटीसाठी. शिवाय शिशाचा पंखा, खिडकीसाठी पारदर्शक सेल्युलॉइडचा एक इवलासा तुकडा आणि घड्या घातलेला नकाशा. पेटीच्या झाकणावर मात्र ढग फोडून बाहेर येणारे हरिकेन जातीचे लढाऊ विमान मोठ्या झोकात रंगवलेले होते. झाकणावरचे चित्र आणि आतले लाकूड यांचा मेळ घालायचे काम विकत घेणाऱ्याचे.

आगबोटीतून, आगगाडीतून मी नगरला पोचलो तो भिंगार कँपातल्या राधाकृष्णशेठच्या दुकानात. गोऱ्या पलटणींसाठी शेठ दाढीचा साबण, पत्ते, टेनिसचे चेंडू आणि काचेच्या कपाटात आमच्यासारख्या पेट्या ठेवत. साल एकोणीसशे चाळीस. विलायतेत लढाई पेटली होती. शेठ म्हणत, "हा शेवटचा माल. आता पुढे येईल असं वाटत नाही."

ते वाक्य ऐकूनच याकोबने मला उचलले.

याकोब मिशनच्या सुतारशाळेत बाकडी बनवायचा. विशी ओलांडलेला, रुंद पंजांचा, हसरा गडी. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण कृपा आली होती. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण. आईबाप लवकर गेल्यामुळे दोघे बोर्डिंगात वाढली आणि आता चर्चमागच्या एका खोलीत राहत होती. भाऊ लाकूड कोरायचा, बहीण रंग द्यायची. त्यांच्या फळीवर असली विमाने ओळीने उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाचा रंग कृपाने पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलेला असे. ते पुस्तकही याच दुकानातले. त्यात विमानांची माहिती आणि काळ्या छाया छापल्या होत्या. विमान समोरून कसे दिसते, बाजूने कसे आणि खाली उभ्या माणसाला पोटाकडून कसे. जेवताना कृपा एखाद्या छायेवरचे नाव हाताने झाकी आणि विचारी, "याकू, हे कोणतं?" तो घास तोंडात ठेवूनच उत्तर देई, आणि ते बरोबर असे.

"आक्का, ही पेटी नाताळात उघडू," याकोब म्हणाला. "शेवटची हाय. घाई नको."

म्हणून मी फळीच्या टोकाला पेटीतच राहिलो. इतर विमानांकडे पाहून मी मनात म्हणत असे, आपलीही पाळी येईल.

माझ्या आधी कानिफनाथ जमादार आला.

हा मूळचा तिसगावचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जाऊन आलेला, छातीवर बिल्ले, मिशांना पीळ. पेन्शनीत निघाल्यावर तो सरकारसाठी पलटणीत माणसे भरती करी. सुतारशाळेत कुणी तरी त्याला याकोबच्या विमानांविषयी सांगितले होते. तो खोलीत आला, फळीसमोर उभा राहिला आणि एकेक विमान हातात घेऊन पाहू लागला.

"ह्यो हात बाकड्यात वाया चाललाय," तो अखेर म्हणाला. "सरकारला विमानखात्यात असलीच मानसं पायजेत. मी सायबाला सांगतो. विमानं दुरुस्त करशील, पुढं चालवशील बी."

याकोबचे डोळे चमकले. कृपा मात्र तिथल्या तिथे विचारती झाली, "जमादारसाहेब, विमानखात्यातच ना? दुसरीकडे कुठे नाही ना?"

जमादाराने छातीवरच्या बिल्ल्यांवर तळहात ठेवला. "या बिल्ल्यांची आन, बाई. इमानखात्यातच."

साहेबाला हातकाम दाखवायचे म्हणून फळीवरची सगळी विमाने त्याने एका टोपलीत भरून नेली. मी पेटीत होतो म्हणून राहिलो. नाताळच्या आतच याकोब भरती होऊन गेला. जाताना माझ्या पेटीवर बोटे वाजवून म्हणाला, "आक्का, मी आल्याबिगर उघडू नको हां."

पुढे त्याची पत्रे आली. त्यांत विमानाचा उल्लेख नसे. खेचरांचा असे. जमादाराने त्याला खेचरांच्या पलटणीत घातले होते. डोंगरी मुलखात तोफांचा दारूगोळा आणि शिधा वाहून नेणारी पलटण ती. याकोबने तक्रार केली नाही. एक खेचर गाणे म्हटल्याशिवाय चालत नाही, असे त्याने लिहिले, तेव्हा कृपा हसली आणि मग उठून जमादाराला शोधायला गेली. जमादार भेटला नाही. नंतरही बरेच दिवस तो तिला भेटला नाही. साहेबाने विमाने परत दिली का, या प्रश्नालाही उत्तर मिळाले नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली.

तारेत मृत्यूचे कारण दोन शब्दांत होते. त्याने कृपाचे समाधान होईना. ती शाळेत जाई, मुलींना गणिते घाली, रविवारी चर्चमध्ये बसे, पण प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीपाशी तिचे ओठ मिटत. मग पावसाळा सरता सरता रंगनाथ दारात उभा राहिला. हा त्याच पलटणीतला, नगर तालुक्यातल्याच एका खेड्यातला. त्याचा डावा हात कोपरापासून वाकडा झाला होता.

"ताई, मी याकोबचा जोडीदार," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला. कृपाने पाणी दिले. ते पिऊन तो सांगू लागला.

"आराकानात हुतो. नदीचं पात्र कोरडं. त्यातनं खेचरं घेऊन चाललो हुतो. वरनं घरघर आली. आमी म्हनलो आपलंच इमान हाय. पोरं हात हालवाया लागली. याकोबनं एकदाच वर बघितलं आन वरडला, आपलं न्हाई, पंख बघा, जपानी हाय, निजा खाली! आमी काठच्या वगळीत उड्या टाकल्या. मी वाचलो, समदे वाचले."

"आणि तो?"

रंगनाथने उजव्या हाताने आपले मनगट धरून दाखवले. "खेचरांचे कासरे त्यानं हितं गुंडाळले हुते, ताई. खेचरं बुजली. त्याला सुटताच आलं न्हाई."

कृपा रडली नाही.  मग ती उठली, तिने फळीवरून माझी पेटी उचलली, पिशवीत टाकली आणि रंगनाथला म्हणाली, "माझ्याबरोबर कँपात याल?"

राधाकृष्णशेठचे काचेचे कपाट आता रिकामे पडले होते. लढाईमुळे विलायतेचा माल बंद. कृपाने जुने पुस्तक गल्ल्यासमोर ठेवले. "यात जपानी विमानं नाहीत. असलेलं पुस्तक हवंय."

"बाई, ती पुस्तकं लष्कराची. बाजारात नाही येत."

"तुमच्याकडे आहे," कृपा म्हणाली.

शेठ गोरेमोरे झाले. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या शिपायाने आपले सामान त्यांना विकले होते, हे तिने ताडले असावे. त्यांनी आतून कागदात गुंडाळलेले पातळ पुस्तक आणले. पानांवर नुसत्या काळ्या छाया. कृपा एकेक पान उलटू लागली आणि रंगनाथ मान हलवू लागला. न्हाई. ह्ये बी न्हाई. ह्येचं शेपूट येगळं. मग एका पानावर त्याचा हात आपोआप वर गेला, जसा माणूस डोक्यावरचा घाव चुकवायला नेतो.

"ह्येच," तो म्हणाला.

कृपाने ते पुस्तक घेतले. हिरवा रंग घेतला, करडा घेतला, दोन बारीक ब्रश घेतले. लाल रंग मागितला तेव्हा शेठनी पुस्तकातल्या त्या पानाकडे पाहिले आणि हात जोडले. "बाई, दुश्मनाचं निशाण रंगवायला मी रंग देणार नाही. गेल्या वर्षापासून पोलीस साधं पत्रक सापडलं तरी उचलतात. मला दुकान चालवायचंय."

"बरं," कृपा म्हणाली.

बाजारातल्या एका भुसाऱ्याच्या दुकानातून तिने हिंगूळ घेतला. पोळ्याला बैलांची शिंगे ज्याने रंगवतात तोच. सोबत वॉर्निशची बाटली. भुसाऱ्याने काही विचारले नाही.

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझी पेटी उघडली. इतकी वर्षे मी त्या क्षणाची वाट पाहिली होती आणि पहिल्यांदा तिने काय केले असेल? माझे नाक कापले. हरिकेनचे नाक टोकदार असते, त्या जपानी विमानाचे बोथट आणि गोल. तिने चाकू लावला तेव्हा मला वाटले, अहो, मी तुमच्याच बाजूचा आहे, मला शत्रू का करता? पण तिचा चेहरा पाहिला आणि मी गप्प झालो. कोरण्याची तिला सवय नव्हती. तिची बोटे कापली, माझ्या अंगावर रक्ताचे डाग पडले, ते तिने घासून काढले. पुस्तकातल्या छायेवर ती माझे पंख ठेवून पाही. केसभर फरक दिसला की पुन्हा काचपेपर. तिला कसेबसे विमान नको होते. ज्याला याकोबने एका नजरेत ओळखले, तेच हवे होते. दिवाळी गेली तसा मी पुरा झालो. वरून हिरवा, खालून करडा आणि दोन्ही पंखांवर हिंगुळाचे लाल गोळे. तोवर तिचा राग माझाही झाला होता.

माझे पुढे काय करायचे हे तिने ठरवले नव्हते. ते रंगनाथने आणलेल्या बातमीने ठरले.

"ताई, जमादार तिसगावच्या बाजारात टेबल मांडतो," तो म्हणाला. "फोनोग्राफ लावतो. आन टेबलावर याकोबची इमानं मांडलीत. पोरं बघाया गोळा झाली की म्हनतो, या, तुमाला ह्येच चालवायचंय."

 साहेबाला दाखवायला म्हणून नेलेली विमाने, आणि मेलेल्या भावाच्या हातकामाने हा माणूस दुसऱ्यांचे भाऊ गोळा करत होता.

बाजाराच्या दिवशी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने आम्ही निघालो. करंजीच्या घाटात मोटार दमली तेव्हा उतारू खाली उतरले आणि चालू लागले. कृपाही चालली. मला तिने पदराआड छातीशी धरले होते.

बाजारात टेबल दुरूनच दिसले. त्याच्यावर लाल कापड, कापडावर ती विमाने. माझे सोबती. तिच्या हातचे रंग उन्हात लखलखत होते. जमादार खाकी कोटात उभा, समोर शेतांतून आलेली पोरे. एकाचा अंगठा शाईत बुडवलेला, नाव लिहून झालेले.

कृपा सरळ टेबलापाशी गेली आणि तिने मला मधोमध ठेवले.

जमादाराने आधी मला पाहिले, मग तिला. "ह्ये काय, बाई?"

"तुमच्या टेबलावर हे एक कमी होतं," कृपा शाळेतल्या आवाजात म्हणाली. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "यानं माझा भाऊ मारला. बाकीची सगळी माझ्या भावानं केलीत. सांगा यांना, त्याला तुम्ही कुठे पाठवलं?"

"बाई, सरकारी कामात—"

"बिल्ल्यांची शपथ घेतली होती तुम्ही. सांगा."

शाईत अंगठा बुडवलेल्या पोराने विचारले, "मंग त्यो इमानात न्हवता का?"

"खेचरांमागं होता," कृपा म्हणाली. "विमान त्याच्या डोक्यावर होतं."

कुणी तरी हसले आणि लगेच थांबले. फोनोग्राफ तेवढा वाजत राहिला. त्या पोराने अंगठा धोतराला पुसला. तो मागे सरकला, त्याच्यामागचे दोघे सरकले, आणि मग टेबलासमोर मोकळी जागा पडत गेली. जमादाराच्या कपाळाची शीर उठली. त्याने हाताच्या एका फटकाऱ्याने मला खाली पाडले आणि माझ्यावर बूट ठेवला. माझा डावा पंख मोडला. मित्रांनो, लाकूड मोडते तेव्हा दुखत नाही, पण आवाज होतो. तो आवाज सगळ्या बाजाराने ऐकला.

कृपाने वाकून मला उचलले. मोडका पंख त्याच्या बुटाखालीच राहू दिला. मग याकोबची विमाने एकेक करून तिने पदरात घेतली. तिला अडवायला कुणी पुढे झाले नाही, जमादारही नाही.

पण तो गप्प बसणारा नव्हता. त्याने पोलिसांत कळवले, मास्तरीण शत्रूची विमाने बनवते. फौजदार आला, मला जप्त करून शाळेत घेऊन गेला आणि त्याने मला मुख्य बाईंच्या टेबलावर ठेवले. मुख्य बाई अमेरिकन, पण मराठी स्वच्छ बोलत.

"जपानी विमान घरात कशाला?" फौजदाराने विचारले.

"ओळखू यावं म्हणून," कृपा म्हणाली. "ज्यांना ओळखू आलं नाही त्यांनी हात हलवले. विचारा, त्यातून जिवंत परत आलेला माणूस इथे नगर तालुक्यातच आहे."

फौजदाराने मला उलटेपालटे करून पाहिले. एका पंखाचे खेळणे, त्यात काय खटला उभा राहणार? त्याने मला परत ठेवले आणि टोपी घालून तो निघून गेला. शाळेच्या कमिटीला मात्र बोभाटा नको होता. मुख्य बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कृपा, जमादारांना एक माफीपत्र दे. आपण मुलींना क्षमा करायला शिकवतो."

"बाईसाहेब, त्याच्याआधी आपण त्यांना चूक कबूल करायला शिकवतो," कृपा म्हणाली. त्याच दिवशी तिने नोकरी सोडली.

लोकांना वाटले, ही आता पुण्यामुंबईला जाईल. ती गेली तिसगावला. लोकल बोर्डाच्या शाळेला शिकवणारे मिळत नव्हते, तिथे तिला काम मिळाले. आणि खोली तिने कुठे घेतली? गावात आणखी दोन चांगल्या खोल्या रिकाम्या असताना तिने कासाराची अंधारी खोली पसंत केली, कारण तिची खिडकी कानिफनाथ जमादाराच्या दारासमोर होती. त्या खिडकीत तिने मला ठेवले, नाक त्याच्या उंबऱ्याकडे करून.

सकाळी जमादार तांब्या घेऊन बाहेर पडे, तेव्हा पहिला मी दिसे. पाहुणे आले की विचारत, "ते काय हो समोर?" त्याची बायको चांगुणा सडा टाकताना माझ्याकडे पाठ करी. गावातली पोरे येता-जाता खिडकीखाली थांबत, माझ्याकडे पाहत आणि मग त्याच्या दाराकडे.  त्या भागातून भरतीला माणूस मिळेना. जमादाराने टेबल आवरले. हे सगळे मी पाहिले आणि मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू?

एके सकाळी तो रस्ता ओलांडून आला. खिडकीशी उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तरीणबाई, लई झालं. काढा ते."

"बाजारात उभं राहून सांगा, मी याकोबला फसवलं. त्याच दिवशी काढते."

"मी सरकारचा मानूस. मी मापी मागू?"

"मग राहू दे."

तो तणतणत गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे गवंडी आला. मित्रांनो, त्याने आपले पुढचे दारच दगड-मातीने बुजवून टाकले! आणि मागच्या भिंतीला भोक पाडून मागल्या गल्लीत नवे दार काढले. मेसोपोटेमियाची लढाई पाहिलेला जमादार एका लाकडी खेळण्याला भिऊन मागल्या दाराने जातो, यावर गाव महिनोन्महिने हसले. पण मला आता समोर नुसती आंधळी भिंत दिसे. कृपा खिडकीत उभी राहून त्या भिंतीकडे पाही. आपला नेम चुकला की काय, असे आम्हां दोघांनाही वाटू लागले.

लढाई संपली. काही जण परतले. मागल्या गल्लीत बनुबाई नावाची माळीण राहत असे. वांगी-मिरच्या विकून तिने एकुलता एक आसाराम वाढवला होता. त्यालाही जमादारानेच नेले होते, आणि तो विमानखात्यात आहे असेच ती जगाला सांगत आली होती. कृपाला शंका होती, पण तिने बनुबाईला तसे बोलून दाखवले नव्हते. आसारामच्या नावाचे पेन्शनीचे कागद आले, तेव्हा ते वाचून घ्यायला ती कृपाकडे आली. कृपाने वाचले. रस्ता खणणाऱ्या टोळीत होता, तापाने गेला, लढाई संपायच्या आधीच.

बनुबाई भिंतीला टेकून बसली. कृपाने तिचा हात हातात घेतला. पुष्कळ वेळाने बनुबाईने डोळे पुसले आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "त्येचं नवं दार माझ्या दाराम्होरं हाय."

कृपाने मला खिडकीतून उचलले. क्षणभर तिने मला घट्ट धरले, जसे घाटात धरले होते. मग बनुबाईच्या ओंजळीत ठेवले. "सांभाळा," एवढेच म्हणाली.

बनुबाईने मला दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवले. उजाडताना जमादाराने आपले नवे दार उघडले. तो उंबऱ्यावर उभा राहिला. आता तो म्हातारा झाला होता, मिशांचा पीळ गेला होता. त्याने मला पाहिले, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या बनुबाईला पाहिले आणि तांब्या त्याच्या हातातून सुटला. पाणी गल्लीभर वाहिले.  त्याने दार लावून घेतले. आतून चांगुणेचा आवाज आला, "आता तिसरं दार कुठं काढता?"

आधी निरोप धाडून पुढच्याच बाजाराला तो आला. खाकी कोट नव्हता, बिल्ले नव्हते. जिथे टेबल मांडायचा त्याच जागी उभा राहिला. बनुबाईने मला पाटीत भाजीवर ठेवून आणले होते. कृपा पोरांना शाळेत बसवून आली होती.

"याकोबला मी..." तो पुटपुटला.

"मोठ्यानं," कृपा म्हणाली.

"याकोबला मी फशिवलं! इमानखातं म्हनून खेचरांत घातलं. मला ठावं हुतं."

"आसाराम," बनुबाई म्हणाली.

"आसारामला बी फशिवलं."

त्याला वाटले असेल, सुटलो. तो वळला. तेवढ्यात धान्याच्या ढिगामागून एक म्हातारा उठला आणि त्याने एक नाव उच्चारले. जमादार थांबला. बांगड्यांच्या दुकानातून एका बाईने आणखी एक नाव घेतले. मग तिसरे, मग वेशीकडून चौथे. प्रत्येक नावाला त्याला मान खाली घालून तेच म्हणावे लागले. तो गेला नाही, गर्दीने त्याला जाऊही दिले नाही. बाजार उठेपर्यंत नावे येत राहिली. मी वांग्यांवर बसून सगळी ऐकली. त्यांतली कितीक याकोबच्याच वयाची असतील. कृपाने शेवटपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही. शेवटी तो तिच्यासमोर येऊन थांबला, तिने काही म्हणावे म्हणून.  तिने त्याला जायला वाट दिली, इतकेच.

मी पुन्हा कृपाच्या खोलीत आलो. शाळेतली मुले येतात, मला हातात घेतात. चांगल्या मनाची असतात ती. म्हणतात, "बाई, याला नवा पंख बसवू का? नवा रंग देऊ का?"

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी मंडळी शेवटी एकच मागणे मागतात, आम्हाला जपा. मीही तेच मागतो. मला वाळवी लागू देऊ नका, माझ्यावरची धूळ झटका, मला पावसात टाकू नका. पण मला नवा पंख बसवू नका. माझा रंग उजळू नका. मला असाच कुरूप राहू द्या. मी पुन्हा देखणा झालो, तर कुणी तरी लाल कापड अंथरून मला एखाद्या टेबलावर मांडील.